दाणेदार पेशींचे कुळ

'निदान' हा शब्द मोठा विलक्षण आहे. संस्कृतात त्याचा अर्थ मूळ कारण असा. मराठीत तो रोग ओळखण्यासाठी रुळला, आणि बोलण्याच्या ओघात आपण तोच शब्द 'कमीत कमी' या अर्थानेही वापरतो. निदान एवढे तरी करा, असे आपण म्हणतो. मुंबईतील एका रुग्णालयाच्या ऊतिपरीक्षा विभागात माझी एकतीस वर्षे गेली, आणि या तीनही अर्थांशी माझा रोजचा संबंध आला. डॉक्टर मी नव्हे. शस्त्रक्रियागृहातून बाटलीत घालून आलेल्या मांसाच्या तुकड्यांच्या काचपट्ट्या तयार करणारी मी तंत्रज्ञ. रोगी मला कधी दिसला नाही. दिसायचा तो बाटलीवरचा क्रमांक.

हे काम बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगते. काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये पडून राहतो, म्हणजे तो कुजत नाही आणि पेशी जिथल्या तिथे स्थिर होतात. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून त्यातले पाणी काढून घ्यायचे, झायलीनमधून अल्कोहोल काढायचे, आणि शेवटी वितळलेल्या मेणात तो बुडवायचा. मेण थिजले की तुकड्यासह त्याची वडी होते. तिला आम्ही ब्लॉक म्हणतो. हा ब्लॉक मायक्रोटोमवर चढवून चार-पाच मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या-अडीचशेव्या भागाएवढे पापुद्रे काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचेवर अलगद उचलून घ्यायचे. नंतर रंग. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्यातून निघते; ते पेशीचे केंद्रक निळेजांभळे करते. इओसिन उरलेला भाग गुलाबी करते. या दोन रंगांच्या आधाराने जगभर दररोज असंख्य माणसांचे भवितव्य वाचले जाते.

परंतु या साऱ्या खटाटोपातील सर्वांत नाजूक क्षण रंगाचा नव्हे. तो मेण ओतण्याआधीचा आहे. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा चिमट्यात धरून तो साच्यात कोणत्या कुशीवर ठेवायचा, हे ठरवण्याचा तो क्षण. त्वचेचा किंवा जिभेचा तुकडा असेल, तर तो कडेवर उभा ठेवावा लागतो, म्हणजे कापल्यावर वरचा थर वर आणि खालचा खाली असा क्रमाने दिसतो. तो आडवा पडला, तर पुढे कितीही विद्वान मनुष्य सूक्ष्मदर्शकापाशी बसला तरी त्याला अर्धवट चित्रच पाहावे लागते. आमच्या वेळचे एक वृद्ध पॅथॉलॉजिस्ट नव्या मुलींना हे इतक्या वेळा बजावत, की आम्ही त्यांच्या माघारी त्याची नक्कल करीत असू.

निवृत्तीनंतर मी शहापुरात राहावयास आले. माहेर वसईचे. पूर्वी दोन्ही गावे एकाच ठाणे जिल्ह्यात होती. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसई तिकडे गेली, शहापूर-मुरबाड ठाण्यातच राहिले. मुंबईची तहान भागवणाऱ्या तानसा आणि भातसा या जलाशयांचा हा तालुका. पण जिभेवरच्या गाठीचा छेद तपासून घ्यायचा झाला, तर माणसाला पाण्याच्या त्याच दिशेने, आसनगावची लोकल पकडून, मुंबईकडेच जावे लागते. मुरबाडकराला तर रेल्वेही नाही. एसटीने कल्याण गाठायचे आणि तिथून पुढे.

माझ्याकडे भाजी घेऊन येणारी बाई मुरबाड तालुक्यातील, सरळगावच्या अलीकडच्या एका पाड्यावरची. चाळिशी नुकतीच उलटलेली. किन्हवलीमार्गे शहापूरच्या बाजारात यायची. पावसाळ्यात रानभाज्या, हिवाळ्यात वाल आणि पावटा, उन्हाळ्यात करवंदे. तिचे माहेर भिवंडीकडचे आगरी, आणि आजीकडून तिला धवळे मिळाले होते. आगरी-कोळी समाजाच्या लग्नांत धवलारीण मांडवात बसून विधीगणिक गाणी म्हणते; काही ठिकाणी तिच्यावाचून लग्न लागत नसे. हल्ली बँडबाजा आणि ध्वनिवर्धक आले, तरी जुन्या वळणाच्या घरांतून या बाईला बोलावणे येई. सुपारी, साडी आणि थोडे पैसे मिळत. मुख्य म्हणजे त्या दोन दिवसांत ती भाजीवाली नसे.

2017 सालच्या दिवाळीनंतर एके दिवशी तिने ओटीवर टोपली उतरवली आणि जीभ बाहेर काढून दाखवली. जिभेच्या उजव्या बाजूला, मध्यभागाच्या जरा पुढे, वाटाण्याएवढी गोल उंचवट्याची गाठ. वरची त्वचा अखंड, किंचित पांढुरकी. व्रण नाही, रक्त नाही.

"ताई, आठ म्हयने झाले. दुखं नाय, काय नाय."

सकाळ-संध्याकाळ मिश्री लावण्याची सवय तिला लहानपणापासून होती. 2012 साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण तव्यावर तंबाखू भाजून घरच्या घरी केलेल्या मिश्रीला कोण बंदी घालणार? मी तिला म्हटले, वेळ घालवू नकोस, आजच दाखव. हे मी आजही कोणालाही सांगेन. तीन आठवड्यांहून अधिक राहिलेली तोंडातली गाठ, चट्टा वा जखम तपासून घेतलीच पाहिजे. त्यात माझ्या पुढील कथेने काही फरक पडत नाही. या भागात तोंडाच्या कर्करोगाने गेलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांनी 'दुखत नाही' हेच कारण देऊन महिने घालवले होते.

तंबाखूचा आणि या रोगाचा संबंध आपल्याच मातीत सिद्ध करणाऱ्यांपैकी एक मराठी नाव इथे आठवते. डॉ. वसंत रामजी खानोलकर (1895–1978). मूळ गोमंतकीय घराणे, जन्म क्वेट्ट्याचा, शिक्षण लंडनचे. 1941 साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी घेतली. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. 1955 साली संघवी आणि राव या सहकाऱ्यांसह त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणे व चघळणे आणि घसा-तोंडाचा कर्करोग यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. रोगाचे मूळ माणसाच्या चालीरीतींत शोधावे, ही त्यांची दृष्टी. त्या दृष्टीने पाहता, मिश्री लावणाऱ्या बाईच्या जिभेवरची गाठ म्हणजे कर्करोग, हा पहिला तर्क कोणीही केला असता. तसेच झाले.

एका खासगी दवाखान्यात तिच्या गाठीचा पृष्ठभागावरून छोटासा चिमटा काढण्यात आला. अहवाल आठवड्याने आला: वेल डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. म्हणजे जिभेच्या वरच्या आवरणाच्या पेशींचा, मूळ पेशींशी बरेच साम्य राखून असलेला कर्करोग. शल्यचिकित्सकांनी सांगितले की उजवीकडची अर्धी जीभ काढावी लागेल, मानेतील गाठीही काढाव्या लागतील. पौषी पौर्णिमेला, 2 जानेवारी 2018 रोजी, म्हसेची जत्रा भरायची होती. जत्रेनंतरची तारीख ठरली.

ती अहवालाचा कागद घेऊन माझ्याकडे आली ती रडत नव्हती. तिने एकच गोष्ट विचारली.

"अर्धी जीभ ऱ्हायली, तं धवळं म्हनता येल का, ताई?"

मी उत्तर दिले नाही. कागद वाचत राहिले. निष्कर्षापेक्षा त्याच्या वरच्या दोन ओळींत, जिथे तुकड्याचे वर्णन असते, तिथे माझी नजर अडली. तुकडा दोन मिलिमीटरचा. खालचा स्नायू दिसत नाही. बाहेरून अखंड आवरण असलेली, आठ महिने तशीच राहिलेली टणक गाठ आणि वरवरचा दोन मिलिमीटरचा तुकडा. माझ्या मनात त्या वृद्ध पॅथॉलॉजिस्टांचे आणखी एक पालुपद जागे झाले. जिभेवर कर्करोग लिहिण्यापूर्वी त्याच्या पायाखाली पाहा, असे ते म्हणत.

पायाखाली काय असू शकते? इथे मला रशियात जावे लागेल.

अलेक्सेई इवानोविच अब्रिकोसोव (1875–1955) हे मॉस्कोचे पॅथॉलॉजिस्ट. मिठाईच्या कारखानदारांच्या प्रसिद्ध घराण्यात जन्मलेले. जानेवारी 1924 मध्ये लेनिनच्या मृतदेहाचे विच्छेदन त्यांच्याच हातून झाले. त्यांचा मुलगा पदार्थविज्ञानाकडे वळला आणि 2003 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन मोठ्या घटनांच्या मध्ये, 1926 साली, अब्रिकोसोव यांनी एक लहानशी गोष्ट केली. मुख्यतः जिभेत आढळणाऱ्या एका अपरिचित गाठीचे त्यांनी सविस्तर वर्णन लिहिले. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी मोठ्या, बहुकोनी, एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतात. केंद्रक लहान आणि गडद. सभोवतालचे पेशीद्रव भरपूर, फिकट गुलाबी, आणि त्यात नाचणीच्या पिठासारखे बारीक दाणे पसरलेले. काही दाणे मोठे, भोवती पांढरे कडे असलेले. ऊतिशास्त्रात इतके शांत दिसणारे चित्र क्वचितच आढळते. विभाजनाची गडबड नाही, मोडतोड नाही.

या पेशी जिभेच्या स्नायुतंतूंच्या मधून-मधून इतक्या सहज शिरलेल्या असतात, की स्नायूच हळूहळू दाणेदार पेशी होत चालला आहे असा भास होतो. अब्रिकोसोव यांना तसेच वाटले. या गाठीचे कुळ स्नायूच्या बालपेशींचे, असे त्यांनी ठरवले आणि 'मायोब्लास्टोमा' हे नाव रूढ झाले. नाव एकदा चिकटले की ते काढणे कठीण. स्नायू नसलेल्या जागीही, स्तनात, त्वचेत, अन्ननलिकेत, हीच गाठ सापडू लागली, तरी नाव चालूच राहिले.

1949 साली फुस्ट आणि कस्टर यांनी या पेशी मज्जातंतूंच्या अवतीभवती दाटलेल्या असतात याकडे लक्ष वेधले. 1962 मध्ये फिशर व वेक्सलर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहून सरळ म्हटले की स्नायूशी जोडलेले हे नावच चुकीचे आहे. या श्वान पेशी आहेत. (मराठी वाचकाला इथे हसू येईल, आमच्या प्रयोगशाळेतही येत असे. कुत्र्याचा येथे काही संबंध नाही. थिओडोर श्वान, 1810 ते 1882, हे जर्मन शास्त्रज्ञ. सर्व प्राणी पेशींचे बनलेले असतात हा सिद्धांत त्यांनी 1839 साली मांडला. धर्मनिष्ठ कॅथलिक असलेले श्वान त्याच साली लूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात प्राध्यापक झाले.) मज्जातंतूंना गुंडाळून राहणाऱ्या, त्यांचे रक्षण व पोषण करणाऱ्या या पेशी. जिभेत मज्जातंतूंचे दाट जाळे असते, म्हणून ही गाठ जिभेवर अधिक दिसते, हे मग मनाला पटू लागते.

1980 च्या दशकात प्रतिपिंडांचे रंग आले आणि वाद बहुतांशी मिटला. एस-100 नावाचे एक प्रथिन 1965 साली बैलाच्या मेंदूतून वेगळे करण्यात आले होते. अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळते, म्हणून त्याला असे व्यवहारी नाव मिळाले. त्या प्रथिनाला शोधून तपकिरी रंग धरणारा डाग या दाणेदार पेशींवर टाकला, की त्या गडद तपकिरी होतात. स्नायूच्या खुणा मात्र त्यांत मिळत नाहीत. गंमत अशी की नवजात मुलींच्या हिरडीवर क्वचित येणारी एक गाठ पहिल्या दोन रंगांत हुबेहूब अशीच दिसते, पण एस-100 चा रंग ती धरत नाही. रूप एक, कुळ निराळे.

आता मूळ मुद्दा. मृदू ऊतींच्या सर्व गाठींत ही शंभरात अर्धी इतकी विरळ, आणि त्यातल्या जेमतेम एक-दोन टक्केच घातक. 1998 साली फॅनबर्ग-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी घातक प्रकार ओळखण्याच्या सहा खुणा सांगितल्या. पेशींचा मृत्यू, विभाजनाचा वेग, केंद्रकांचे बेढब आकार वगैरे. म्हणजे गाठ बहुधा निरुपद्रवी. पण तिचा एक खोडकर स्वभाव आहे. ती आवरणाच्या लगेच खाली असली, की वरच्या आवरणाच्या पेशी उगाचच चेकाळतात आणि वडाच्या पारंब्यांसारख्या खाली उतरतात. उभ्या छेदात पाहिले तर कळते की या पारंब्याच आहेत, वरच्या फांदीला जोडलेल्या. पण तुकडा आडवा पडला असेल, तर प्रत्येक पारंबी कापली जाऊन सुटे वर्तुळ दिसते. आवरणाच्या पेशींची अशी सुटी बेटे खोल ऊतीत दिसणे हीच कर्करोगाची खूण. आणि तुकडा वरवरचा असेल, तर ज्यांच्यामुळे हे घडले त्या दाणेदार पेशी त्यात आलेल्याच नसतात. अशा तुकड्यावरून पहिल्या डॉक्टरांनी जे लिहिले, ते हाती आलेल्या पुराव्याला धरूनच होते. मला त्यांच्यावर ठपका ठेवावासा वाटत नाही. पुरावाच अपुरा होता.

मी तिच्या नवऱ्याला प्रयोगशाळेतून मेणाचा ब्लॉक आणि काचपट्टी मागून आणावयास सांगितले. हे मागता येते, याची कल्पनाच आपल्याकडे अनेकांना नसते. लोक अहवालाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपतात. खरा ऐवज तो ब्लॉक असतो. कागदावर मत असते, मेणात वस्तू असते, आणि ती कितीही वर्षांनी पुन्हा कापता येते. ब्लॉक काही कटकट न होता मिळाला.

मुंबईत माझ्या जुन्या परिचयाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो. पहाटेच्या एसटीने कल्याण, मग गर्दीची लोकल. माझ्या पूर्वीच्या शिष्येने ब्लॉक वितळवला, तुकडा चिमट्यात धरला आणि भिंगाखाली बराच वेळ निरखून तो कडेवर उभा केला. मी मागे उभी राहून हात पाठीशी बांधून ठेवले होते. सवयीने ते पुढे जात होते.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नेत्रिकेपाशी बसवले. वरचे आवरण, त्याच्या लांब पारंब्या. आणि सर्वांत खाली, तुकड्याच्या अगदी काठावर, पाच-सहा पेशींची एक अरुंद पट्टी. फिकट गुलाबी, दाणेदार.

"एवढ्यावर मी काही लिहिणार नाही," त्या म्हणाल्या. "पण जीभही कापू देणार नाही. आधी खोलवरचा तुकडा हवा."

खोलवरचा तुकडा घेतला गेला. त्यात दाणेदार पेशींची दाटी होती आणि एस-100 ने त्या सगळ्या तपकिरी झाल्या. घातकपणाची एकही खूण नव्हती. जानेवारीच्या अखेरीस जिभेच्या उजव्या बाजूची केवळ ती गाठ, भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह काढण्यात आली. कडा मोकळ्या आहेत का, हे पाहणे महत्त्वाचे. पेशी मागे राहिल्या तर गाठ पुन्हा येऊ शकते. कडा मोकळ्या होत्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि डॉक्टरीणबाईंनी आवर्जून फोन करून मला त्याविषयी सांगितले. आपल्या प्रत्येक पेशीत टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या असतात. जठराप्रमाणेच त्यांनाही आम्ल लागते, आणि ते आम्ल आत ढकलणारा एक पंप असतो. त्या पंपाला साहाय्य करणाऱ्या दोन जनुकांपैकी एखादे निकामी झाल्याचे या गाठींपैकी सुमारे 72 टक्के गाठींत आढळले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये ही जनुके मुद्दाम बंद केली, तर त्यांतही दाणे साचू लागले. अब्रिकोसोव यांना 1926 मध्ये दिसलेले दाणे म्हणजे न पचलेला, साचत गेलेला मळ होता तर. ब्याण्णव वर्षांनी त्या दाण्यांचा उलगडा झाला. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ एकटीच बसून होते. ज्या दाण्यांना मी एकतीस वर्षे फक्त गुलाबी रंग देत आले, त्यांचा अर्थ मला निवृत्तीनंतर, शहापूरच्या ओटीवर, कळला.

हे सारे मी तिला सांगण्याचा प्रयत्न केला. पंप, आम्ल वगैरे तिने ऐकून घेतले. तिला रस होता तो दुसऱ्याच गोष्टीत.

"म्हंजी ही गाठ मिश्रीची नव्हं?"

नव्हे, असे मी म्हटले. खोटे कसे बोलणार? मात्र मिश्री सोड, हेही त्याच श्वासात म्हटले. त्या काळात तिने ती सोडली होती. पुढे वर्षभराने पुन्हा थोडी-थोडी सुरू झाल्याचे तिच्या सुनेने मला सांगितले. आमचे त्यावरून अजूनही वाजते.

टाके विरघळल्यावर पहिले दोन महिने 'स' आणि 'र' ही अक्षरे तिला जड जात. वैशाखात भिवंडीकडे तिच्या भाचीचे लग्न होते. मलाही आमंत्रण होते. हळदीच्या आदल्या रात्री मांडवात ती बसली, घसा खाकरला आणि धवळे सुरू केले. 'र' कुठेकुठे घसरत होता. शेजारच्या म्हाताऱ्यांनी तो सावरून घेतला, कारण शब्द त्यांनाही पाठ होते.

रुग्णालयाने तिला तिची काचपट्टी परत दिली आहे. पाड्यावरच्या घरात, पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी ती रुमालात गुंडाळून ठेवलेली असते. मध्यंतरी मी गेले तेव्हा तिने ती काढली, दाराशी उजेडात धरली, आणि त्यातला तो गुलाबी ठिपका नातवाला दाखवला.